बिनराणीचं मोहोळ

ग्राब्रोवित्सा,
संत मार्टिनच्या सणानंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप लिव्हियोदाजी यांच्या चरणी (त्यातला डावा अजून सुजलेला असेल तर त्याला जरा हलक्या हाताने) मेहुणा झ्वाने याचा नमस्कार.

आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत. तुमची खुशाली एर्मिदाताईच्या फोनवरून कळते, पण तिच्या बोलण्यात तुमचा पाय, तिची पाठ आणि वरच्या मजल्यावरच्या बाईचं पित्त यांची अशी सरमिसळ होते की नक्की कोणाचं काय दुखतंय ते शेवटपर्यंत हाती लागत नाही. डॉक्टरांनी तुमची वाइन बंद केली आणि तुम्ही डॉक्टर बदलला, एवढं मात्र नीट समजलं. नवे डॉक्टर चांगले निघाले तर पत्ता कळवा. साठी उलटल्यापासून मलाही एका समजूतदार डॉक्टरची गरज भासू लागली आहे.

फोन करायचा सोडून हा माणूस पत्र कशाला खरडतोय, असं तुम्ही म्हणाल. त्याचं असं आहे, आमच्या घरात फोन लागतो तो फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, डोकं बाहेर काढल्यावर. खिडकीखाली बाक आहे, आणि बाकावर बेपो असतो. (बाक गावाचा, त्यामुळे त्याला ऊठ म्हणता येत नाही. मागे मी बाकाला रंग दिला, तर रंग वाळेपर्यंत तो उभा राहून ऐकत होता.) म्हणून हे पत्र, आणि तेही टपालाने नाही, तुमच्या त्रिएस्तच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर, हॅमच्या पुडक्यात घालून पाठवतोय. हॅम तुमच्यासाठी नाही, ताईसाठी आहे. तुमच्यासाठी पत्र आहे.

आता मुळापासून सांगतो, कारण ताईने तुम्हाला अर्धंच सांगितलं असणार. नदीकाठचं आपलं खालचं रान तुम्हाला ठाऊक आहे. ओलसर चिकणमाती, जुने ओक, आणि ओकांच्या मुळांशी वीतभर खाली तो पांढरा ट्रफल, कुत्र्यालाच हुंगून सापडणारी ती सोन्याच्या भावाची अळंबी, जिच्या वासाने पुण्यवान माणसंसुद्धा शेजाऱ्याच्या वाईटावर उठतात. त्या रानातून जुना चर गेला आहे. भाद्रपदात म्हणा, सप्टेंबरात म्हणा, पाण्याच्या खात्याचे लोक आले आणि चराच्या कडेने लाल रंगाच्या खुंट्या ठोकून गेले. चर रुंद करायचा, खोल करायचा, पाणी झटकन नदीत सोडायचं. मोठ्या इंजिनिअरसाहेबांचं नाव दामिर. माणूस सभ्य आहे, सारखा पुदिन्याची गोळी चघळतो. त्यांच्या दृष्टीने त्यांचं बरोबर आहे, पण पाणी गेलं की माती वाळणार, माती वाळली की ट्रफल संपला. ओक उभे राहतील, पण ते देवळाबाहेरच्या खांबांसारखे.

आता रान गेलं तर कोणाचं काय जाईल, तेही सांगतो. बेपोचं काही जाणार नाही. त्याच्याकडे जीप आहे, तो पलीकडच्या दरीत जाईल आणि तिथल्या लोकांचं डोकं खाईल. माझंही फारसं नाही. मी एकेकाळी सायकलवरून अंडी विकणारा माणूस, आज घरात दोन फ्रीज आणि एक वजनकाटा आहे. ट्रफलचा माल या दरीतून आला काय आणि त्या दरीतून आला काय, मी तोलून घेणार. पण आमची फूमाकाकी आहे ना, गिरणीवाल्याची विधवा, तिचं काय? तिचा गुडघा चढ चढत नाही. तिची कुत्री बीबा, तिला डोळ्याने दिसत नाही. दोघी मिळून उताराने हळूहळू खालच्या रानापर्यंत जातात, आणि दोघी मिळून परत येतात. ते रान गेलं तर फूमाकाकीने खिडकीत बसायचं आणि बीबाने चुलीपाशी. फूमाकाकी खिडकीत बसली की गावात कोणालाच सुखाने जगता येणार नाही हा भाग वेगळा, पण तिचं स्वतःचंही काही खरं नाही. तिने मला एकदाच सांगितलं, "झ्वान्या, मला चालायला कुठेतरी जागा पाहिजे रे. घरात चालून माणूस घरातच पोचतो."

दामिरसाहेबांनी अट सोपी घातली. म्हणाले, ट्रफल कुठे निघतो, कधी निघतो, किती निघतो, ते हंगामभर नोंदवा आणि मला दाखवा. जिथे निघतो असं दिसेल तिथून चर वळवतो. झालं. एवढीच अट. पण दाजी, तुम्ही शहरातले, तुम्हाला यातली गोम कळायची नाही. आमच्याकडचा माणूस पाद्रीबाबांपुढे गुडघे टेकून परक्याच्या बायकोची गोष्ट कबूल करील, पण ओक सांगणार नाही. नवरा मरायला टेकला तरी बायकोला खरं झाड सांगत नाही, शेजारचं सांगतो. न जाणो, उद्या बरा झाला तर?

तर अशा लोकांकडून नोंदी गोळा करायला पूला शहराहून मेलिता आली. मातीचा अभ्यास करते, आजोळ आपल्याच गावचं, बोलायला गोड आणि धीराची. कोनोबात, म्हणजे गावच्या गुत्त्यात, सगळ्यांना जमवून तिने आधी सांगितलं की प्रत्येकाने आपली नोंद एका मुख्य संगणकाकडे पाठवायची. मग बेपो म्हणाला, "आणि त्या मुख्य संगणकाशी कोण बसणार?" मेलिता म्हणाली, एक कारकून. "तो लग्न झालेला आहे का?" आहे. "मग त्याला सासरा असेल," बेपो म्हणाला, "आणि सासऱ्याला कुत्रा असेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या कारकुनाचं काम तिथेच संपलं.

दुसऱ्या खेपेला मेलिता जी व्यवस्था घेऊन आली तिचं मूळ नाव मला उच्चारता येत नाही. आम्ही तिला मोहोळ म्हणतो, बिनराणीचं मोहोळ. मधे कोणीच बसत नाही. प्रत्येकाच्या संगणकात सगळ्यांच्या नोंदींची अख्खी प्रत असते. मी काही लिहिलं की माझा संगणक ते जवळच्याला सांगतो, तो पुढच्याला, असं करत करत ते सगळ्यांकडे पोचतं. एखाद्याचा संगणक बंद पडला, जळाला, बायकोने विहिरीत टाकला, तरी नोंद बाकीच्यांकडे शिल्लक. मी म्हटलं, मेलिताबाई, यात नवीन काय, आमच्याकडे बातम्या अशाच चालतात. ती हसली आणि म्हणाली, "फरक आहे झ्वानेकाका. तुमच्याकडे बातमी बदलली की जुनी बातमी आपण सांगितलीच नव्हती असं सगळे म्हणतात. इथे जुनीही राहते, नवीही राहते, आणि कोणी कधी बदलली तेही नावानिशी राहतं." मी तेव्हाच मनात म्हटलं, या गावात हे प्रकरण जड जाणार.

पण मधे कोणी बसत नाही, ही गोष्ट लोकांना भारी आवडली. आठवडाभरात घरोघरी मोहोळ बसलं. इंटरनेट धड मिळतं ते फक्त कोनोबात, त्यामुळे संध्याकाळी टेबलाखाली कुत्रे आणि टेबलावर संगणक असा थाट. पत्त्यांना जागा उरली नाही. (ब्रिश्कुला खेळायला आम्ही दोन दिवस चर्चच्या पायरीवर बसलो, पण वाऱ्याने एक्का उडून गेला आणि मैत्रीत वितुष्ट आलं.)

पहिला बळी बेपो. माणूस लबाड, पण त्या दिवशी त्याने नवी वाइन चाखली होती आणि मन हळवं झालं होतं. त्याने खरोखरीचा ओक लिहिला. थोड्या वेळाने भानावर आला, घाईघाईने तीच नोंद उचलून कबरस्तानाच्या भिंतीपाशी नेऊन ठेवली, आणि निश्चिंत मनाने जाऊन झोपला. सकाळी दाट धुक्यात तो जनरलला घेऊन (जनरल म्हणजे त्याचा कुत्रा, माणूस नव्हे, तरी आम्ही त्याला अहोजाहो करतो) आपल्या ओकाकडे गेला, तर झाडाभोवती निम्मा गाव उभा. प्रत्येकाच्या हातात कुत्र्याची साखळी, आणि प्रत्येक जण आभाळाकडे बघतोय.

"काय रे, इथे काय?" बेपोने विचारलं.

"कुत्र्याला जरा फिरवायला आणलं," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, त्याला डॉक्टरने ओल्या हवेत उभं राहायला सांगितलं आहे. फूमाकाकी एका बुंध्यावर बसून स्वेटर विणत होती. धुक्यात. तिने मानही वर केली नाही, फक्त म्हणाली, "बेप्या, कबरस्तानात काही मिळालं का?"

त्या दिवशी गावाला कळलं की मोहोळात पुसलेलं पुसलं जात नाही. आता कोणी शहाणा माणूस यावरून काय शिकेल? की पहिल्यापासून खरं लिहावं. आमचे लोक शिकले की पहिल्यापासून खोटं लिहावं, म्हणजे बदलायचा प्रसंगच येत नाही.

आणि काय लिहिलं म्हणता. फुटबॉलच्या मैदानात, पेनल्टीच्या जागी, कोंबडीच्या अंड्याएवढा. आगीच्या बंबाच्या शेडमागे, सिमेंटच्या फरशीखाली. डॉन शिमे पाद्रीबाबांच्या द्राक्षमळ्यात इतक्या नोंदी पडल्या की त्यांनी मळ्याच्या फाटकावर पाटी लावली, 'इथे फक्त द्राक्षं आहेत, आणि तीही माझी'. आणि गंमत अशी, दाजी, की प्रत्येकाला आपण खोटं लिहिलंय हे ठाऊक असूनही दुसऱ्याचं खरं वाटत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, आमच्या चोरांच्या मनात कुदळी होत्या. फुटबॉलचं मैदान असं खणलं की पलीकडच्या गावाशी सामना झाला तेव्हा त्यांचा गोलकीपर मांडीपर्यंत आत गेला. आम्ही एक गोल जास्त करून जिंकलो. त्यांनी तक्रार केली, पण खड्डा कोणी खणला हे सिद्ध करता आलं नाही, कारण सगळ्यांनी खणला होता.

मी या सगळ्यात नव्हतो असं समजू नका. मी कुत्रा पाळत नाही. लोकांनी कुत्रे पाळले, मी कान पाळले. पण मोहोळात माझंही नाव होतं, आणि सगळे लिहितात तर आपण मागे का राहावं म्हणून मीही पेट्रोलपंपापाशी एक चांगला टपोरा ट्रफल लिहिला. दुसऱ्या दिवशी पंपावर बेपो जनरलला घेऊन टायरमधली हवा बघत होता. जीप घरी होती.

ऑक्टोबर सरता सरता मेलिता नकाशा घेऊन आली. कोनोबाच्या भिंतीवर चादर लावली आणि मोहोळातल्या सगळ्या नोंदी ठिपके करून त्यावर पाडल्या. दामिरसाहेबही आले होते. ठिपके बघावेत तर काय, अख्खी दरी गोवर आल्यासारखी. मैदान, मळे, कबरस्तान, शाळेमागची उतरण, ठिपकेच ठिपके. आणि मधे, नदीकाठी, खालचं रान. पांढरं स्वच्छ. बाप्तिस्म्याच्या झग्यासारखं. एक डाग नाही.

दामिरसाहेबांनी गोळी या गालातून त्या गालात नेली आणि म्हणाले, "मग तर काम सोपंच झालं. रानात काहीच नाही."

दाजी, प्रत्येकाने आपलं तेवढं लपवलं होतं. पण सगळ्यांनी एकच रान लपवलं, त्यामुळे रानच नाहीसं झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते खरी, पण सगळ्या गावाने मूठ झाकली तर बघणाऱ्याला वाटतं की लोकांना हातच नाहीत. माझं लक्ष फूमाकाकीकडे गेलं. ती चादरीकडे बघत नव्हती. खाली वाकून बीबाच्या कानामागे खाजवत होती, आणि ते खाजवणं काही थांबेना.

साहेब म्हणाले, नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणानंतरच्या आठवड्यात, गुरुवारी चराची रेघ कायम करू, आणि गेले. ते गेल्यावर जो कालवा झाला त्यात प्रत्येकाने दुसऱ्याला खोटारडा म्हटलं आणि कोणीच चुकीचं बोलत नव्हतं. शेवटी मेलिताने टेबलावर हात आपटला. (माल्वाझिया वाइनचा एक पेला गेला. चांगली होती.) म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना दाखवायला लिहिलंत ते मी बघितलं. पण तुमच्यापैकी प्रत्येकाने आपल्यापुरती दुसरीही नोंद ठेवली आहे. मोहोळात तशी सोय आहे, ती तुम्ही पहिल्याच दिवशी शोधून काढलीत. आपण होऊन सगळ्यांत वाटली नाही तर ती बाहेर जात नाही. ती खरी आहे ना?"

बेपो जनरलच्या पट्ट्याची बकल बघू लागला. ती खरी असणारच, कारण आपल्यालाच फसवून कोण ट्रफल काढणार?

"ती वाटा," मेलिता म्हणाली.

"आधी कोण?" बेपोने विचारलं, आणि सगळ्या गावाचं म्हणणं त्या दोन शब्दांत आलं.

तेवढ्यात फूमाकाकी उठली. संगणक उघडला, चष्मा शोधला, सापडला तो कपाळावर, आणि मेलिताला म्हणाली, "ये गं पोरी, कुठे दाबायचं दाखव. मी किती वर्षं गुपित सांभाळू? माझा गुडघा काही मला आणखी झाडं शोधू देणार नाही." आणि तिने दाबलं. चादरीवरच्या पांढऱ्या रानात तिचे ठिपके उगवले. ठिपके उगवले तसा बेपो खुर्चीतून उठला. चादरीजवळ गेला. एका ठिपक्यावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू त्याच्या घरातून कोणी त्याचीच विजार घालून बाहेर आलं आहे.

"हे माझे ओक आहेत," तो म्हणाला.

"वाटून बोल," फूमाकाकी म्हणाली.

त्याने वाटलं. मग पुढच्याने वाटलं, मग त्याच्या पुढच्याने. दाजी, सगळे ओक तेच. एकेका ठिपक्यावर सगळ्यांचे ठिपके असे बसले की शेवटी तिथे वांगी फळली आहेत असं दिसू लागलं. इतकी वर्षं हे सगळे त्याच त्या झाडांखाली खणत होते, फक्त वेगवेगळ्या वेळी. बेपो पहाटे, फूमाकाकी बेपो जेवायला बसला की, तिसरा दुपारच्या झोपेच्या वेळी, चौथा देवळात घंटा झाल्यावर (डॉन शिमेंनी त्याच्याकडे बघून फक्त खाकरलं). आणि प्रत्येकाला वाटायचं की आपण येण्याआधी जमीन उकरलेली असते ती रानडुकराने.

"म्हणजे मी आजवर ज्या रानडुकराला शिव्या घातल्या," बेपो म्हणाला, "ते तू होतीस?"

"काही हरकत नाही रे," फूमाकाकी म्हणाली. "मीही रानडुक्कर म्हणायचे तेव्हा डोळ्यापुढे तूच यायचास."

मग मोहोळही अडलं. एकाच झाडाखाली, एकाच दिवशी, दोघांच्या वेगळ्या नोंदी, यातली कोणती ठेवू, असं ते विचारू लागलं. यावर पुन्हा भांडण पेटणार होतं, पण मेलिता म्हणाली, दोन्ही ठेवता येतात, कोणाचीच टाकायची नाही. हे ऐकून लोक जरा खट्टू झाले. भांडायचं कारणच गेलं.

कालच्या सभेला दामिरसाहेब पुन्हा आले आणि त्यांनी सगळं उलगडून बघितलं. ते ठिपके बघतील, खूश होतील, संपलं, असं आम्हाला वाटलं होतं. पण साहेब हुशार. त्यांनी आधीच्या आवृत्त्या मागितल्या. मैदान, कबरस्तान, माझा पेट्रोलपंप, सगळं नावानिशी त्यांच्यापुढे आलं. मी पेल्यात बघत बसलो. बराच वेळ वाचून साहेब म्हणाले, "खोटं इतकं नीट जपून ठेवलेलं मी पहिल्यांदाच बघतोय. ज्यात एवढं खोटं कोणाला पुसता आलं नाही, त्यात खरंही मागाहून कोणी घुसडलेलं नसणार." खऱ्या नोंदी मोहोळ बसलं त्या दिवसापासून लिहिलेल्या होत्या, आणि लिहिल्याची वेळ मोहोळ स्वतः टाकतं, ती मागेपुढे करता येत नाही, हे मेलिताने दाखवलं. साहेबांनी कबूल केलं की जिथे जिथे ठिपका आहे तिथून चर वळवायचा. गोळीचा डबा बाहेर काढून सगळ्यांना एकेक दिली. बेपोने जनरलसाठी वेगळी मागून घेतली.

तर दाजी, सांगायचं ते एवढंच की तुमच्या सासुरवाडीचं रान वाचलं, आणि तेही खरं बोलून, ज्याची गावात कोणाला सवय नव्हती. ताईला सगळं वाचून दाखवा, वरच्या मजल्यावरच्या बाईला नको. पायाला जपा. मोठ्यांना आमचा मान, लहानांना आमचं प्रेम, आणि नव्या डॉक्टरांना आमच्या गावाचं आमंत्रण कळवा.

तुमचा,
झ्वाने

ता. क. हॅम कापताना हाडाच्या बाजूने कापा, ताई उलट कापते. तिला हे मी सांगितलं असं सांगू नका.

ता. क. दुसरा. वर लिहिलं ते सगळं खरं, फक्त एक गोष्ट राहिली. नव्या नकाशात रान ठिपक्यांनी भरलं, पण पडक्या पाणचक्कीपाशी, जिथे चर वळतो, तिथे बशीएवढी एक जागा पांढरीच राहिली. तिथे एक ओक आहे, आणि खुंट्यांची रेघ बरोबर त्याच्या बुंध्यातून जाते. मेलिताने विचारलं, "इथे कोणालाच काही मिळालं नाही?" तर सगळा गाव एका सुरात म्हणाला, "नाही." दाजी, या गावात आजवर दोन माणसांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी ऐकलं नाही. चर्चचा कळस कुठल्या बाजूला कलला आहे यावर अजून भांडण चालू आहे. म्हणजे समजा की तो ओक सगळ्यांत चांगला आहे, आणि खरी नोंद वाटतानाही प्रत्येकाने तेवढा एक मागे ठेवला. साहेबांनी रेघ तिथून तशीच ठेवली. फूमाकाकी काही न खाता घरी गेली. तिच्या खऱ्या नोंदीत बाकी सगळी झाडं आहेत. तो एक ओक तिच्या नवऱ्याने तिला दाखवला होता, आणि आमच्याकडे ते लग्नाच्या अंगठीहून मोठं. आता जो आधी बोलेल तो सगळ्यांदेखत खोटारडा ठरेल, म्हणून कोणी बोलत नाही. झाड जाईल पण शब्द जाणार नाही.

ता. क. तिसरा. म्हणजे पत्र ज्यासाठी लिहिलं ते. गेल्या महिन्यात तुम्ही आला होतात तेव्हा एका दुपारी फूमाकाकीची टोपली धरून खालच्या रानात गेला होतात. परत आलात तेव्हा तुमच्या बुटांना पाणचक्कीजवळची राखी माती होती आणि तुम्ही जेवताना एक शब्द बोलला नाहीत. तुम्ही जेवताना बोलत नाही म्हणजे कोणीतरी शपथ घातली असणार. मी तेव्हा काही विचारलं नाही, आत्ताही विचारत नाही. पण तुम्ही गावचे नाही, तुमच्याकडे कुत्रा नाही, आणि तुम्ही आजवर मोहोळात एकही खोटं लिहिलेलं नाही. असा माणूस आम्हाला सबंध दरीत सापडत नाही. तेव्हा मेलिता तुम्हाला फोन करील, ती सांगेल तसं तुमच्या संगणकावर मोहोळ बसवा आणि त्या ओकाखाली तुमच्यादेखत काय निघालं ते तुमच्या नावाने लिहा. नोंदीची किल्ली, म्हणजे सहीसारखी खूण, ज्याच्या त्याच्या संगणकातच तयार होते, त्यामुळे तुमच्या नावाने इथून लिहिता येत नाही. (मी करून पाहिलं.) रेघ गुरुवारी कायम होणार, तेव्हा बुधवारपर्यंत. शपथ फूमाकाकीला दिली असेल तर तिचं मी बघतो.

ता. क. चौथा. कोनोबात येऊन पाकीट चिकटवायला घेतलं तोच संगणक बोलला, म्हणून पुन्हा उघडलं. त्या ओकाखाली एक नोंद येऊन पडली आहे. ल्युब्ल्यानाहून, बेपोच्या साडूची. पाव किलो. ट्रफल काढल्याची तारीख जुलैची. जुलैत पांढरा ट्रफल म्हणजे संत मार्टिनला कलिंगड. ते वाचून होईतो दुसरी आली, ऑस्ट्रेलियाहून, डॉन शिमेंच्या पुतण्याची, जो गेल्या अकरा वर्षांत इकडे फिरकलेला नाही. तिसरी येते आहे असं दिसतंय. म्हणजे बाकीच्यांनीही आपापली माणसं गाठली, फोनवरून, आणि माझ्या आधी. आता साहेब या सगळ्या उघडून बघणार आणि हसणार, आणि मग तुमची उघडणार. तुम्ही त्या दिवशी खरोखर इथे होतात याला सबंध कोनोबा साक्षी आहे, कारण तुम्ही गायलात. तेव्हा तुमची नोंद तेवढी चोख हवी. वजन वाढवू नका, तारीख बरोबर टाका. आणि आकार अक्रोडाएवढा लिहाल तर तो चुकेल. चांगला बटाट्याएवढा होता, असं फूमाकाकीचं म्हणणं आहे. अर्थात तिने मला यातलं काही सांगितलेलं नाही.